फॉन्डंटचा बो म्हणजे वाळवण

प्रश्न जुळे सोलापुरातल्या एका मुलीचा आहे. पुढच्या रविवारी भाचीचा पहिला वाढदिवस. एक किलोचा पायनापल केक ती स्वतः करणार आहे आणि त्यावर गुलाबी फॉन्डंटचा, म्हणजे साखरेच्या लाटता येणाऱ्या मऊ गोळ्याचा, मोठा बो हवाय, रिबिनीच्या फुलासारखा. दोनदा करून बघितला. पहिल्या वेळी रात्री झकास उभा होता, सकाळी पाहते तर पार आडवा. दुसऱ्या वेळी पट्टी दुमडतानाच भेगा पडल्या. "काकू, व्हिडिओत दहा मिनिटांत होतो. माझंच काय चुकतंय?"

अगं, हात तुझा चुकलेला नाही, दिवस चुकलाय. व्हिडिओवाली दहा मिनिटांत करते ते बो घडवण्याचं काम. त्याआधीचा एक दिवस आणि नंतरचे दोन दिवस ती दाखवत नाही, कारण दाखवण्यासारखं त्यात काही नसतं. ताटात पडून वाळणारी वस्तू कोण बघत बसणार? मी चौदा वर्षं घरून केक करते. त्याआधी सासूबाईंबरोबर उन्हाळ्यात पापड-शेवयांच्या ऑर्डरी घ्यायचो. बो शिकताना मला केकच्या क्लासपेक्षा त्या पापडांचा जास्त उपयोग झाला. बो हे वाळवण आहे. केकच्या दिवशी करायची ती वस्तूच नाही. एवढं डोक्यात बसलं की बाकीचं निम्मं आपोआप सुधारतं.

आता पहिल्या वेळी तो झोपला का, ते आधी समजून घे. फॉन्डंट म्हणजे बहुतेक सगळी आयसिंग शुगर. तिला एकत्र धरायला जिलेटिन किंवा त्याच्या जागी एखादा डिंक, शिवाय ग्लुकोज सिरप, ग्लिसरीन आणि थोडं वनस्पती तूप. यातलं ग्लुकोज आणि ग्लिसरीन मुद्दाम घातलेलं असतं, कशासाठी? ओलावा धरून ठेवून थर मऊ राहावा यासाठी. केकवर पांघरलेलं फॉन्डंट दुसऱ्या दिवशीही सुरीनं कापता आलं पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक शिव्या देईल. म्हणजे मऊ राहणं हा त्याचा गुणच आहे. तू मात्र त्याच्याकडून उभं राहण्याची अपेक्षा करतेस. पुरणपोळीच्या कणकेचे पापड होतील का? तसंच हे.

म्हणून बोसाठी फॉन्डंटमध्ये टायलोज पावडर मिसळायची. टायलोज म्हणजे सीएमसी, पूर्ण नाव कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज. वनस्पतींच्या सेल्युलोजपासून केलेली पांढरी भुकटी असते, खाण्याच्या पदार्थांत चालते, पाकिटांवर ४६६ या क्रमांकानं लिहिलेली दिसते. ती पाणी धरते, गोळ्याला ताण देते आणि वाळली की कडक होते. आपल्या गावाला हे वेगळं सांगायला नको. मागावर चढवायच्या आधी सुताला खळ देतात ती कशासाठी? ताण सोसावा, तुटू नये म्हणून. त्या खळीतही सीएमसी वापरतात. पण म्हणून कुणाच्या ओळखीनं कारखान्यातली पुडी आणू नकोस. केकच्या सामानाच्या दुकानातून, खाण्यासाठीची असं स्पष्ट छापलेली छोटी डबीच आण. ती वर्षभर पुरते.

प्रमाण: २५० ग्रॅम फॉन्डंटला एक सपाट चमचा टायलोज, चहाचा चमचा. तुझ्या बोला सगळं मिळून शंभरेक ग्रॅम लागेल. तरी १५० ग्रॅम घे, म्हणजे पट्ट्या कापताना कडेच्या वाया जाणाऱ्या तुकड्यांची चिंता नाही. त्याला अर्ध्या चमच्याहून किंचित जास्त टायलोज. जास्त घातलं तर लवकर वाळेल हा विचार मनातून काढून टाक. जास्त टायलोजचा गोळा रबरासारखा होतो, लाटला की मागं आकसतो आणि हातात असतानाच त्यावर साय धरते. तुझ्या दुसऱ्या वेळच्या भेगांचं कारण मला वाटतं यातच आहे. पहिला पडला म्हणून दुसऱ्या वेळी सढळ हातानं काहीतरी घातलंस ना? टायलोज नसेल तर कॉर्नफ्लोअर किंवा आयसिंग शुगर तरी घातली असशील. सगळे तेच करतात, मीही केलंय.

टायलोज मिसळून मळलेला गोळा लगेच घ्यायचा नाही. प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळून डब्यात बंद करून रात्रभर ठेव. भुकटीला पाणी शोषायला वेळ लागतो. पापडाचं पीठ भिजवून मुरवत ठेवतो आणि मग कुटतो, तेच इथं. सकाळी गोळा दगडासारखा वाटला तर घाबरू नकोस. हाताला वनस्पती तुपाचं बोट लावून चांगला मळ, दोन-तीन मिनिटांत वळणीवर येतो. अगदीच ऐकत नसेल तर मायक्रोवेव्हमध्ये पाच सेकंद. पाचच. दहा केलेस तर मधला भाग पाक होतो आणि बाहेरून काही कळत नाही. मळून झालं की एक तुकडा हळूहळू ओढून बघ. ताणला जाऊन बारीक होत तुटला तर बरोबर, पटकन तुकडा पडला तर अजून तूप लावून मळ. माझी सासू पापडाची लाटी अशीच कानाजवळ धरून ओढायची. कानाचा काय संबंध, मला आजवर कळलं नाही.

साजूक तूप वापरू नकोस, वास येतो आणि पांढऱ्या रंगावर पिवळट झाक येते.

शाकाहाराचं एक सांगते, कारण आपल्याकडे हा प्रश्न हमखास येतो. जिलेटिन प्राण्यांपासून काढतात. घरी मार्शमॅलो वितळवून फॉन्डंट करतात, त्या मार्शमॅलोतही बहुधा तेच असतं. सोलापुरात लिंगायत, जैन, मारवाडी घरांतून ऑर्डर येते तेव्हा केक अंड्याशिवायचा सांगतात. वरच्या बोबद्दल कुणी विचारत नाही. न विचारताही आपण पाकिटावरचा हिरवा ठिपका बघूनच घ्यायचं. तसाच दुसरा घोटाळा रॉयल आयसिंगचा. बोच्या पाकळ्या चिकटवायला परदेशी व्हिडिओत सर्रास ते वापरतात, त्यात अंड्याचा पांढरा भाग असतो. मेरिंग पावडर आणली तरी तीही अंड्याचीच. त्यामुळे आपण चिकटवायला टायलोजचंच पाणी करायचं: पाव चमचा टायलोज, दोन मोठे चमचे उकळून गार केलेलं पाणी, झाकण लावून रात्रभर ठेवलं की सकाळी गाठी विरघळून पातळ खळ तयार. फ्रिजमध्ये आठवडाभर चांगली राहते.

रंगाचं काम त्याच गोळ्याबरोबर आदल्या दिवशी उरक. जेल रंग घ्यायचा, बाटलीतला पातळ नाही. पातळ रंगात पाणी, आणि पाण्यानं फॉन्डंट पाघळतं. तुझा गुलाबी सोपा आहे, टूथपिकच्या टोकावर येईल तेवढा पुरे. रात्रभरात रंग चढतो, म्हणून हवा त्याहून एक पायरी फिकाच थांब. लाल किंवा काळा बो असता तर मी तुला रंगीत फॉन्डंटच विकत घ्यायला सांगितलं असतं. घरी गडद लाल करायला इतकं जेल ओतावं लागतं की गोळा चिकट होतो आणि चव कडवट. गुलाबी आणि जांभळ्याला दुसरं दुखणं आहे, उजेडात ते विटतात. खिडकीत वाळत ठेवलेल्या बोची एक बाजू गुलाबी आणि एक बाजू मळक्या मोतिया रंगाची झालेली मी पाहिली आहे. आणि तो बोही माझाच.

आता आकार. आपण ज्याला बो म्हणतो ते आपल्या शाळेतलं रिबिनीचं फूल. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि आईनं बांधलेलं फूल मधल्या सुट्टीपर्यंत एका बाजूला लोंबायचं. ते फूल का लोंबायचं हे आठवलंस तर बो का पडतो हे कळेल: मधली गाठ सैल. फॉन्डंटच्या बोतही पाकळीचं बूड नीट चिमटलेलं नसेल तर वरचा फुगा कितीही सुंदर असो, तो खाली बसणार. त्यामुळे आधी एक गंमत कर. घरात साटीनची रिबीन असेल तर खरं फूल बांध, समोर ठेव. त्याच्या चुण्या कुठून सुरू होतात, कडा कुठं वळतात ते बघ. मग साध्या कागदाच्या पट्ट्या कापून केकच्या टिनावर मांडून बघ. एक किलोचा केक साधारण सात इंची, म्हणजे १८ सेंटिमीटर. त्यावर टोकापासून टोकापर्यंत १५ सेंटिमीटरचा बो भरदार दिसतो, त्याहून मोठा केला की केक बोखाली दडपतो.

मापं अशी घे. पाकळीच्या पट्ट्या ५ सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर लांब. दोन लागतात, तू तीन कर. एक मोडणार, आणि तीन केल्यास की एकही मोडत नाही, हा माझा अनुभव. शेपट्या ४ बाय १२, त्याही दोन. मधल्या गाठीची पट्टी ३ बाय ६. जाडी अडीच ते तीन मिलिमीटर: पोळीहून जाड, शंकरपाळ्याहून बारीक. डोळ्यांनी अंदाज येत नसेल तर दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणं फिरव, जाडी एकसारखी येईल. एकसारखी जाडी फक्त दिसायला नको असते. पातळ भाग आधी वाळतो आणि जाड भाग मागून आकसतो, त्या ओढाताणीत पाकळी वाकडी होते. कडक भाकरी नीट थापलेली नसली की तव्यावरून उतरल्यावर डोलते, पाहिलंयस ना?

लाटताना ओट्यावर काय भुरभुरायचं, यावर सगळे क्लासवाले कॉर्नफ्लोअर म्हणतात. ते पुण्या-मुंबईला ठीक. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी असते की फॉन्डंटचा वरचा पापुद्रा बघता बघता वाळतो. त्यात कॉर्नफ्लोअर घातलंस की उरलासुरला ओलावा तेच पिऊन टाकणार. वरचं वाळलं, आतलं ओलं, आणि त्याच क्षणी तू पट्टी दुमडतेस. भेग पडणारच. म्हणून उन्हाळ्यात ओट्याला आणि लाटण्याला वनस्पती तुपाचं पुसट बोट फिरवायचं आणि कॉर्नफ्लोअरला हात लावायचा नाही. पंखा बंद. हो, घाम येतो, तरी बंद. एका वेळी एकच पट्टी लाटायची, बाकीचा गोळा डब्यात झाकलेला. पावसाळ्यात याच्या अगदी उलट: पंखा सुरू, कॉर्नफ्लोअरची पुरचुंडी हाताशी, तूप बंद. हा फरक मला कुणी सांगितला नव्हता. मी चार उन्हाळे 'आपल्या हाताला गुण नाही' म्हणत काढले.

पट्टी पिझ्झा कटरनं आणि स्टीलच्या पट्टीनं काप. सुरी ओढली की कड फरफटते. शेपट्यांना आणि पाकळ्यांच्या कडांना नक्षी हवी असेल तर करंजीचं कातणं आहेच घरात, त्याची नागमोडी कड लहान मुलीच्या केकवर गोड दिसते. शिलाईसारखे टिपके हवे असतील तर शिंपी वापरतात ते दातेरी चाक नवं आणायचं, कपड्याला वापरलेलं नाही. एकदा मी अतिशहाणपणानं कापडाचा पोत उठवायला धुतलेला टर्किश टॉवेल फॉन्डंटवर दाबला होता. सोलापूरकर म्हणून टॉवेलचा अभिमान ठीक आहे, पण पोताबरोबर त्याचं लूसही उठलं. सगळा गोळा कचऱ्यात.

आता मुख्य काम, पाकळी. पट्टी उभी समोर धर. एका अरुंद टोकाला साडीच्या निऱ्या घालतेस तशा दोन चुण्या घाल, दोन बाजूंनी आत दुमडून मधे एक उंचवटा येईल अशा, आणि चिमटीत दाब. पाच सेंटिमीटरची रुंदी चिमटीत दोन सेंटिमीटरवर आली पाहिजे. दुसऱ्या टोकालाही तसंच. निऱ्या बोटभरच आत जाऊ देत, पट्टीचा मधला भाग सपाट राहू दे, तिथूनच पाकळीचा फुगीर गोलावा येतो. मग किचन टिश्यूची जाडसर वळकटी करून पट्टीच्या मधोमध आडवी ठेव, एका टोकाला टायलोजच्या खळीचं बोट लाव, दुसरं टोक त्यावर आण आणि दोन्ही चिमटे एकावर एक दाब. खळ किती? जीभ लावलेल्या पोस्टाच्या तिकिटाएवढी. जास्त लावलीस तर टोकं घसरतात आणि आपण मग आणखी दाबतो, आणि आकार जातो.

आत भरायला टिश्यूच का, याला कारण आहे. कापूस भरला तर तंतू चिकटतात. अ‍ॅल्युमिनियमची फॉइल छान आकार धरते, पण ओलावा बाहेर जाऊ देत नाही, मग पाकळी आतून ओलीच राहते. टिश्यू ओलावा पितो. पण तोही तिथं कायम ठेवायचा नाही. पाच-सहा तासांनी बाहेरची बाजू धरली की पाकळी पालथी कर, आणि दुसऱ्या दिवशी टिश्यू हळूच ओढून काढ, म्हणजे आतून हवा लागेल. तुझा पहिला बो सकाळी झोपला तो बहुतेक यामुळेच. रात्री वरून टणक लागला, तू आधार काढलास किंवा उभा केलास, आणि आतला ओला गाभा वजन पेलू शकला नाही. वरून वाळणं आणि आरपार वाळणं यांत आपल्याकडे उन्हाळ्यातसुद्धा जवळपास एक दिवसाचं अंतर असतं. आरपार वाळलेली पाकळी नखानं वाजवली तर बशीसारखी टिकटिकते. ओली असली तर आवाजच येत नाही.

वाळवायचं कुठं? सावलीत, जाळीवर किंवा कागद घातलेल्या ताटात, पंख्याच्या हलक्या वाऱ्याखाली. वाळवण म्हटलं म्हणून गच्चीवर नेऊ नकोस. उन्हात रंग विटतो आणि वाळण्याआधी वनस्पती तूप पाघळून पाकळी ढिली पडते. फ्रिजमध्ये तर मुळीच नको, त्याचं पुढं बोलते. आणि मुंग्या! साखरेची वस्तू दोन दिवस उघडी म्हणजे त्यांना आमंत्रणच. आजीच्या वेळची युक्ती अजून सगळ्यात चांगली: परातीत पाणी, पाण्यात पालथा डबा, डब्यावर ताट. वरून बारीक जाळीचं झाकण.

शेपट्या सोप्या आहेत. वरचं टोक चिमट, खालचं उलट्या व्हीसारखं काप, आणि सपाट न वाळवता टिश्यूच्या एक-दोन वळकट्यांवरून लाट आल्यासारखी टाकून वाळव. केकच्या कडेवरून खाली सोडायच्या असतील तर टिनालाच बटर पेपर लावून त्याच्या कडेवर वाळत घाल, म्हणजे वळण नेमकं बसेल.

गाठ मात्र शेवटी आणि ओलीच लावायची. दोन्ही पाकळ्या कडकडीत वाळल्या की बुडं समोरासमोर आणून मधे खळीनं चिकटव. खळ पुरेशी वाटत नसेल तर त्याच रंगाच्या फॉन्डंटचा हरभऱ्याएवढा तुकडा खळीत कालवून दाट लापशी कर, ती सिमेंटसारखी धरते. खालून टिश्यूचे टेकू दे. मग गाठीची ताजी लाटलेली पट्टी, तिलाही लांबीच्या दिशेनं एक-दोन चुण्या, मधून गुंडाळून टोकं खाली लपव. ओली पट्टी दोन्ही बुडांना मिठी मारून वाळते आणि आकसते, त्यानं पाकळ्या आणखी घट्ट धरल्या जातात. सगळं वाळवून मग गाठ लावलीस तर ती नुसती शोभेची होते. अनेक जणी पाकळ्यांमधून टूथपिक घालतात. पहिल्या वाढदिवसाच्या केकवर मी टूथपिक लावत नाही. तिथं सगळी पोरंटोरंच असतात आणि बोवर पहिला हात त्यांचाच पडतो. आधार हवाच असेल तर कच्च्या स्पॅगेटीचा तुकडा घाल, तो निदान खाण्याचा तरी असतो.

अनेक पाकळ्यांचा, गिफ्टवर असतो तसा गुबगुबीत बो हवा असेल तर तो याच कामाचा भाऊ आहे आणि खरं सांगू, नवशिक्यांना तोच आधी जमतो. २ बाय १२ च्या सोळा-अठरा पट्ट्या, टोकाला टोक चिकटवून थेंबाच्या आकाराच्या कड्या, आणि त्या कडेवर उभ्या करून वाळवायच्या. उभ्या असल्यानं आत काही भरावं लागत नाही. मग फॉन्डंटच्या चकतीवर बाहेर सात-आठ, त्यांच्या खाचांत पाच-सहा, मधे उरतील तेवढ्या उभ्या. एखादी मोडली तरी कुणाला पत्ता लागत नाही. पण तुला रिबिनीचं फूलच हवंय, तर तेच कर.

आता तुझ्या केकचा खरा पेच. पायनापल केक म्हणजे व्हिप क्रीम, आणि व्हिप क्रीम म्हणजे बरंचसं पाणी. साखर पाणी ओढते. वाळलेला बो थेट क्रीमवर ठेवलास तर तासाभरात त्याचं बूड ओलं, दोन तासांत गुलाबी रंग पांढऱ्या क्रीमवर पसरलेला आणि समारंभ सुरू होईपर्यंत बो पेंगायला लागलेला. बटरक्रीम किंवा गनाशच्या (चॉकलेट-क्रीमच्या दाट लेपाच्या) केकवर हे इतकं होत नाही, कारण तिथं तूप-लोणी जास्त. आपल्या गावात मात्र दहांतल्या नऊ ऑर्डरी क्रीमच्याच असतात, त्यामुळे मी मधे पाट ठेवते. पांढरं कंपाउंड चॉकलेट वितळवून बटर पेपरवर तीनेक मिलिमीटर जाड पसरायचं, अर्धवट सेट झालं की आठ-नऊ सेंटिमीटरची चकती कापायची. ही चकती क्रीमवर, तिच्यावर बो. चॉकलेटमधली चरबी पाणी वर येऊ देत नाही आणि बोचं वजनही पसरतं. बोच्या बुडाला वितळलेल्या कंपाउंडचा हात दिलास तर आणखी बरं. एक मात्र लक्षात ठेव, एप्रिलच्या दुपारी आपल्या घरात कंपाउंड बाहेर नीट सेट होत नाही, चकती फ्रिजमध्येच करायची. आणि म्हणूनच पाकळ्या जोडायला मी चॉकलेट वापर म्हटलं नाही.

फ्रिजची गोष्ट. एका डोहाळजेवणाला मी केक बोसकट तयार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला होता. सप्टेंबर महिना, आपल्याकडे खरा पाऊस पडतो तो याच दिवसांत. सकाळी फ्रिज उघडला तेव्हा बो ताठ. हॉलवर नेऊन बाहेर काढला आणि पंधरा मिनिटांत त्याला दरदरून घाम फुटला. गार वस्तू दमट हवेत आली की हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते, थंड पाण्याच्या तांब्यावर बसते तशी. त्या पाण्यात साखर विरघळायला लागली. ओटी भरून होईतो उजवी पाकळी क्रीमवर टेकली होती. बायका म्हणाल्या, "अय्या, मुद्दाम अशी केलीय का?" मी हो म्हटलं. त्या दिवसापासून बो वेगळ्या खोक्यातून जातो आणि केक टेबलावर ठेवल्यावरच चढतो.

मग तुझा रविवार. बुधवारी रात्री रंग आणि टायलोज घालून गोळा मुरवत ठेव, खळही त्याच वेळी भिजव. गुरुवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, पाकळ्या आणि शेपट्या. शुक्रवारी टिश्यू काढ, उलट-सुलट करत राहा. शनिवारी सकाळी टिकटिक आवाज येतो का बघ, जोड आणि गाठ लाव. शनिवारी रात्रीपर्यंत गाठ धरलेली असेल. पावसाळा असता तर मी सोमवारपासून सुरू करायला सांगितलं असतं आणि वाळलेला बो सिलिका जेलच्या पुडीसकट हवाबंद डब्यात ठेवायला लावला असता. उन्हाळ्यात पुठ्ठ्याचं खोकं पुरतं. खाली टिश्यूची गादी, पाकळ्यांच्या पोटात पुन्हा टिश्यू, म्हणजे गचका बसला तरी कड फुटणार नाही. सगळ्यात सुखाचा हंगाम विचारशील तर जानेवारी, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस. हवा कोरडी आणि गार, ना भेगा ना घाम. त्या दिवसांत मी रुखवतासाठीचे बो करून ठेवते, नीट झाकलेले महिनोन्‌महिने टिकतात.

शेवटची सफाई: पाकळ्यांवर तुपाचे डाग किंवा पांढरी भुकटी दिसली तर मऊ कोरड्या ब्रशनं झटक, ओल्या फडक्यानं पुसू नकोस. मोत्यासारखी चमक हवी असेल तर चमकीच्या डबीवर खाण्यायोग्य असं लिहिलंय का ते वाच. 'विषारी नाही' आणि 'खाण्यायोग्य' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली फक्त शोभेला, पोटात जायला नव्हे. हस्तकलेच्या दुकानातली चमकी तर केकच्या जवळही आणू नकोस.

प्रवासात केक गाडीच्या तळाला, एसी लावून. बोचं खोकं मागच्या सीटवर कुणाच्या तरी मांडीवर, आणि ते कुणीतरी म्हणजे आठ वर्षांच्या वरचं. चकती आधीच क्रीमवर बसवून ने. पोचल्यावर चकतीवर खळीच्या लापशीचे दोन ठिपके दे, आधी शेपट्या, मग बो. तिसरी पाकळी आणि खळीची बाटली बरोबर असू दे. आणि हॉलवाल्या पोराला सुरुवातीलाच सांगून ठेव की केक आता परत फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. तू पाहुण्यांकडे वळलीस की तो हमखास चांगुलपणानं उचलून आत नेतो.